इंग्रजी विशेषणापुढे 'टु' आला की काम कोण करतं?

प्रश्न असा आहे: 'आय ॲम हॅपी टु मीट यू' बरोबर, 'आय ॲम रेडी टु लर्न' हेही बरोबर, मग 'आय ॲम डिफिकल्ट टु अंडरस्टँड इंग्लिश' चूक का? तिन्ही वाक्यांची रचना तर एकच दिसते. कुठल्या विशेषणापुढे 'टु' आणि क्रियापद चालतं याला काही नियम आहे, की याद्या पाठ करायच्या?

नियम आहे, आणि याद्या पाठ करून तो हाती लागत नाही. मराठी माध्यमातून शिकलेल्या, आता नोकरीत असलेल्या लोकांना मी बरीच वर्षं इंग्रजी शिकवतो आहे. त्यांच्यातल्या अनेकांना विशेषणांच्या याद्या तोंडपाठ असतात, तरी बोलताना नेमकं तिथेच अडखळायला होतं. यादी शब्द देते. शब्दापुढच्या क्रियापदाचं काम कोणाकडे जातं, हे ती सांगत नाही.

लिहिण्याची एक सोय आधी सांगतो. क्रियापदाआधी येणाऱ्या शब्दासाठी मी ऱ्हस्व 'टु' लिहितो आणि 'गरजेपेक्षा जास्त' या अर्थाच्या शब्दासाठी दीर्घ 'टू'. बोलतानाही पहिला असाच आखूड, जवळजवळ गिळलेला ऐकू येतो.

आता तुमची तीन वाक्यं घ्या आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: 'टु'नंतरचं काम कोण करतंय? 'हॅपी टु मीट यू' मध्ये भेटणारा मी. 'रेडी टु लर्न' मध्ये शिकणारा मी. 'डिफिकल्ट टु अंडरस्टँड' मध्ये मात्र समजून घेणारा दुसराच कोणीतरी असतो, आणि ज्याला समजून घ्यायचं आहे तो मी. म्हणजे 'आय ॲम डिफिकल्ट टु अंडरस्टँड' हे इंग्रजी म्हणून अगदी शुद्ध वाक्य आहे, फक्त त्याचा अर्थ 'माझं बोलणं किंवा माझा स्वभाव लोकांना कळायला अवघड आहे' असा होतो. 'अंडरस्टँड'च्या कर्माची जागा तिथे 'आय'ने आधीच घेतलेली असते, म्हणून शेवटी 'इंग्लिश' जोडलं की वाक्य मोडतं. तुम्हाला म्हणायचं होतं ते असं म्हणा: 'इट इज डिफिकल्ट फॉर मी टु अंडरस्टँड इंग्लिश.' रोजच्या बोलण्यात याहून सहज वाक्य म्हणजे 'आय फाइंड इंग्लिश डिफिकल्ट टु अंडरस्टँड.'

ही चूक कुठून येते तेही पाहू, कारण ती अडाणीपणातून येत नाही. आपण मनात म्हणतो, 'मला इंग्रजी समजायला अवघड जातं.' सुरुवातीला 'मला' आहे. आणि आपला अनुभव असा की 'मला'च्या जागी 'आय' ठेवलं की बहुतेक वेळा काम भागतं. 'मला भूक लागलीय' म्हणजे 'आय ॲम हंग्री', 'मला आनंद झाला' म्हणजे 'आय ॲम हॅपी', 'मला भीती वाटते' म्हणजे 'आय ॲम अफ्रेड'. भूक, आनंद, भीती या माणसाच्या आतल्या गोष्टी आहेत, तिथे इंग्रजी विशेषण माणसालाच लागतं. पण अवघड, शक्य, सोयीचं, आवश्यक, सक्तीचं हे गुण माणसाचे नसतात, कामाचे असतात. तिथे 'मला'चं 'आय' केलं की गडबड होते. 'आय ॲम नॉट पॉसिबल टु कम टुमॉरो', 'आर यू कन्व्हीनियंट टु मीट ॲट फाइव्ह?', 'यू आर नेसेसरी टु साइन द फॉर्म', नोटीस बोर्डावरचं 'ऑल स्टुडंट्स आर कंपल्सरी टु अटेंड' ही सगळी एकाच घरातली वाक्यं आहेत. ती दुरुस्तही एकाच पद्धतीने होतात. पुढे 'इट इज' आणा, माणसाला 'फॉर'च्या मागे ठेवा: 'इट इज नॉट पॉसिबल फॉर मी टु कम टुमॉरो', 'इज इट कन्व्हीनियंट फॉर यू टु मीट ॲट फाइव्ह?', 'इट इज कंपल्सरी फॉर ऑल स्टुडंट्स टु अटेंड.' शेवटच्यासाठी 'ऑल स्टुडंट्स आर रिक्वायर्ड टु अटेंड' हे कार्यालयीन भाषेत जास्त शोभतं. आणि 'मला उद्या जमणार नाही' एवढंच सांगायचं असेल तर 'आय कान्ट मेक इट टुमॉरो' म्हणा, विशेषणाच्या वाटेला जाऊच नका.

ज्या विशेषणात वाक्याचा कर्ता हाच 'टु'नंतरच्या क्रियेचं कर्म असतो, त्या घराण्याबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं. 'ईझी', 'हार्ड', 'डिफिकल्ट', 'टफ', 'इम्पॉसिबल', 'डेंजरस', 'एक्स्पेन्सिव्ह', 'प्लेझंट' हे यातले नेहमीचे. भाषाशास्त्रात हे प्रकरण प्रसिद्ध आहे ते एका जोडीमुळे: 'जॉन इज ईगर टु प्लीज' आणि 'जॉन इज ईझी टु प्लीज'. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की यांनी 1960च्या दशकात ही जोडी पुढे ठेवली. दोन वाक्यांत एका विशेषणाचा फरक, बाकी सगळं तेच. पहिल्यात जॉन दुसऱ्यांना खूश करायला धडपडतो, दुसऱ्यात जॉनला खूश करणं दुसऱ्यांना सोपं जातं. वरून सारखी दिसणारी वाक्यं आतून किती वेगळी असू शकतात, हे दाखवायला याहून नेटका दाखला मला माहीत नाही.

हे इंग्रजी मुलांनाही जन्मतः येत नाही, ही गोष्ट माझ्या विद्यार्थ्यांना मी आवर्जून सांगतो. मुलं भाषा कशी शिकतात याचा अभ्यास करणाऱ्या कॅरल चॉम्स्की यांचं याविषयीचं संशोधन 1969 साली प्रसिद्ध झालं. त्यांनी पाच ते दहा वर्षांच्या मुलांपुढे डोळ्यांवर पट्टी बांधलेली बाहुली ठेवली आणि विचारलं, 'ही बाहुली ईझी टु सी आहे की हार्ड टु सी?' बाहुली समोरच होती, तिला पाहणं सोपंच होतं. तरी लहान मुलांपैकी अनेकांनी 'हार्ड' म्हटलं, कारण त्यांच्या मते पाहणारी होती बाहुली, आणि तिचे डोळे तर बांधलेले. मोठ्या मुलांना बरोबर कळलं. ज्यांची ती मातृभाषा आहे त्यांनाही शाळेत जायच्या वयापर्यंत हे उलगडत नाही, तर तिशीत शिकताना आपल्याला वेळ लागला तर वाईट वाटून घ्यायचं कारण नाही.

उलट मराठी माणसाकडे इथे एक जमेची बाजू आहे. 'हे गणित सोडवायला सोपं आहे', 'हा घाट चढायला अवघड आहे' ही रचना आपल्याकडे जशीच्या तशी आहे. 'धिस सम इज ईझी टु सॉल्व्ह', 'धिस घाट इज हार्ड टु क्लाइम्ब'. मराठीत आपण 'हे गणित ते सोडवायला सोपं आहे' असं म्हणत नाही, तसंच इंग्रजीतही 'ईझी टु सॉल्व्ह इट' म्हणायचं नाही. कर्म पुढे गेलेलं आहे, मागे त्याची सावली ठेवायची नाही.

याच घराण्यात आणखी दोन चुका होतात. पहिली: 'धिस क्वेश्चन इज डिफिकल्ट टु बी सॉल्व्ह्ड'. प्रश्न सोडवला जातो, म्हणून कर्मणी प्रयोग हवा असं मनात येतं. पण 'डिफिकल्ट'च्या पुढे 'कोणालाही' हा कर्ता न बोलता धरलेला असतो, म्हणून साधं 'टु सॉल्व्ह' पुरतं. याउलट 'द क्वेश्चन इज लाइकली टु बी आस्क्ड' मध्ये 'बी' हवंच, कारण 'लाइकली' तसा कर्ता धरून येत नाही.

दुसरी चूक जास्त खोल आहे. 'ही इज ईझी टु टॉक' असं अनेक जण म्हणतात. आपण माणसाशी बोलतो, खुर्चीवर बसतो, घरात राहतो, पेनाने लिहितो. मराठीत हे 'शी, वर, त, ने' नामाला चिकटलेले असतात आणि नाम पुढे गेलं की विरघळून जातात: 'ही खुर्ची बसायला आरामशीर आहे', 'हे पेन लिहायला छान आहे'. इंग्रजीत ते विरघळत नाहीत, वाक्याच्या टोकाला उभे राहतात. 'ही इज ईझी टु टॉक टु', 'धिस चेअर इज कम्फर्टेबल टु सिट ऑन', 'धिस पेन इज नाइस टु राइट विथ', 'माय बॉस इज हार्ड टु वर्क विथ'. मराठी कानाला शेवटचा 'टु' किंवा 'विथ' अधांतरी वाटतो, पण तो काढला तर अर्थ बिघडतो. पुण्या-मुंबईच्या घरांच्या जाहिरातींत 'रेडी टु मूव्ह फ्लॅट' सर्रास वाचायला मिळतं. जो प्रश्न आपण वर विचारला तोच विचारा: हलणारा कोण? या शब्दांवरून फ्लॅटच हलायला निघालेला दिसतो. राहायला जाणारे आपण, म्हणून 'रेडी टु मूव्ह इन्टु'. जाहिरातीतल्या आखूड भाषेला मी नावं ठेवत नाही, सगळ्यांना कळते ती. पण परीक्षेत किंवा परदेशी ग्राहकाला पत्र लिहिताना 'इन्टु' सोडू नका.

'रेडी'चा स्वभाव मात्र दोन्हीकडे चालणारा आहे. 'द चिकन इज रेडी टु ईट' हे वाक्य वर्गात फळ्यावर लिहिलं की चर्चा रंगते. कोंबडी शिजून तयार आहे, की कोंबडी दाणे खायला तयार आहे? व्याकरणाने दोन्ही अर्थ निघतात, संदर्भच निवाडा करतो. दुकानातल्या 'रेडी टु ईट' पाकिटावर पहिला अर्थ, 'द चिल्ड्रन आर रेडी टु ईट' मध्ये दुसरा.

एक विचित्र गोष्ट इथेच सांगून टाकतो. 'ही इज इम्पॉसिबल टु कन्व्हिन्स' चालतं, पण 'ही इज पॉसिबल टु कन्व्हिन्स' इंग्रज म्हणत नाही. 'इट इज पॉसिबल टु कन्व्हिन्स हिम' म्हणतो. तसंच 'ही इज लाइकली टु कम' चालतं, 'ही इज प्रॉबेबल टु कम' नाही. अर्थ जवळचे असूनही वागणूक वेगळी. याला मी तर्क देणार नाही, हे वापरातूनच अंगवळणी पडतं. 'पाऊस पडण्याची शक्यता आहे' यासाठी 'इट इज लाइकली टु रेन' हे वाक्य तेवढं कायमचं लक्षात ठेवा.

आता माणसाच्या वागण्याबद्दलची विशेषणं: 'काइंड', 'नाइस', 'सिली', 'रूड', 'क्लेव्हर', 'केअरलेस', 'ब्रेव्ह'. इथे 'फॉर' जातो आणि 'ऑफ' येतो. 'इट वॉज काइंड ऑफ यू टु कम.' ओळखायची खूण सोपी आहे. ते विशेषण सरळ माणसाला लावून बघा. 'यू आर काइंड' बरोबर बसतं, म्हणून 'ऑफ'. 'इट इज डिफिकल्ट फॉर यू' मध्ये तुम्ही डिफिकल्ट नसता, काम असतं, म्हणून 'फॉर'. दोन्ही बसतील अशी विशेषणं आली की अर्थच बदलतो. 'इट वॉज नाइस ऑफ यू टु व्हिजिट हर' म्हणजे तुम्ही तिला भेटायला गेलात, हा तुमचा चांगुलपणा. 'इट वॉज नाइस फॉर यू टु व्हिजिट हर' म्हणजे त्या भेटीने तुम्हाला बरं वाटलं. आभाराच्या पत्रात हा एक शब्द चुकला तर समोरच्याचं कौतुक करायचं राहूनच जातं. म्हणून पाहुण्यांना, साहेबांना, शिक्षकांना लिहिताना 'ऑफ यू' पक्कं करा.

भावनांच्या विशेषणांत आपल्याला 'ऊन'ची सवय आहे: 'भेटून आनंद झाला', 'ऐकून वाईट वाटलं', 'पाहून आश्चर्य वाटलं'. त्यातून 'आय ॲम हॅपी बाय मीटिंग यू' असं येतं. इंग्रजीत इथे साधा 'टु' आहे: 'ग्लॅड टु मीट यू', 'सॉरी टु हिअर दॅट', 'सरप्राइज्ड टु सी हिम'. ऐकणं, पाहणं, कळणं, भेटणं या क्रियापदांबरोबर ही जोडी इतकी घट्ट आहे की ती एकाच शब्दासारखी म्हणायची सवय लावा. बारकावा एवढाच की 'नाइस टु मीट यू' पहिल्यांदा भेटताना म्हणतात आणि 'नाइस मीटिंग यू' निघताना. 'सॉरी टु डिस्टर्ब यू' दारात उभं राहून, त्रास देता देता म्हणायचं. काल रात्री फोन केल्याबद्दल आज माफी मागायची असेल तर 'सॉरी फॉर डिस्टर्बिंग यू लास्ट नाइट'. आणि 'हॅपी टु' हे रोजच्या वापरात आनंदापेक्षा तयारीच जास्त सांगतं. 'आय ॲम हॅपी टु वेट' म्हणजे थांबायला माझी हरकत नाही. दुकानात, कार्यालयात, फोनवर हा प्रयोग सतत कानावर पडतो, त्यात भावनेचा अतिरेक शोधू नका.

काही विशेषणांपुढे 'टु' आणि 'ऑफ' दोन्ही चालतात, अर्थ मात्र दुरावतो. 'ही इज शुअर टु विन' मध्ये खात्री बोलणाऱ्याची आहे. 'ही इज शुअर ऑफ विनिंग' मध्ये खात्री त्याची स्वतःची, आणि ती फोलही ठरू शकते. 'शी इज अफ्रेड टु क्रॉस द रोड' म्हणजे ती रस्ता ओलांडायला धजत नाही. 'शी इज अफ्रेड ऑफ फॉलिंग' म्हणजे पडेन अशी भीती वाटते. पडणं कोणी ठरवून करत नाही, म्हणून तिथे 'अफ्रेड टु फॉल' बसत नाही. याउलट 'केपेबल' कायम 'ऑफ' घेतं आणि 'एबल' कायम 'टु'. 'केपेबल टु डू' असं अनेक अर्जांत वाचायला मिळतं, ते 'केपेबल ऑफ डूइंग' करा.

'टू' आणि 'इनफ' यांच्याबद्दल शाळेने आपल्याला एक सवय लावली आहे. महाराष्ट्र बोर्डाच्या बारावीला 'रिमूव्ह टू' हा प्रश्न असायचाच. 'धिस बॅग इज टू हेवी टु लिफ्ट' याचं 'धिस बॅग इज सो हेवी दॅट वी कॅनॉट लिफ्ट इट'. रूपांतर बरोबर आहे, पण दुसऱ्या वाक्यात शेवटी 'इट' येतो आणि पहिल्यात येत नाही, हे कोणी थांबून सांगत नाही. मग उलटा प्रवास करताना मुलं 'टू हेवी टु लिफ्ट इट' लिहितात. 'इनफ' तर विशेषणाच्या मागेच बसतो, 'ओल्ड इनफ टु व्होट'. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण मराठीतलं 'पुरेसा मोठा' आपल्याला 'इनफ ओल्ड'कडे ओढतं. आणि 'टू' म्हणजे 'खूप' नव्हे. 'द फिल्म वॉज टू गुड' आपल्याकडे मित्रांत चालून जातं, पण लिखित इंग्रजीत 'टू' आला की वाचणारा पुढच्या अडचणीची वाट पाहतो: 'टू गुड टु मिस', 'टू टायर्ड टु कुक'. अपवाद 'ओन्ली टू हॅपी टु हेल्प', त्यात अडचण काहीच नाही, नुसता उत्साह आहे.

दिसायला सारखा पण जातीने वेगळा असा एक 'टु' आहे, तोही ओळखून ठेवा. 'आय ॲम यूज्ड टु वर्किंग ॲट नाइट' यात क्रियापदाला 'इंग' लागलं आहे, कारण हा 'टु' शब्दयोगी अव्यय आहे. तपासायची रीत: 'टु'नंतर नुसतं नाम ठेवून बघा. 'आय ॲम यूज्ड टु नॉइज' जमतं, म्हणून क्रियापद आलं तरी ते नामासारखंच हवं. 'अकस्टम्ड टु', 'कमिटेड टु', 'अपोज्ड टु' यांचं असंच आहे. 'आय ॲम रेडी टु नॉइज' जमत नाही, म्हणून 'रेडी टु वर्क'.

शेवटी जागेचा मुद्दा, कारण बायोडेटात तो नेहमी चुकतो. 'वाचायला सोपं पुस्तक' याचं 'ईझी टु रीड बुक' होत नाही. 'ॲन ईझी बुक टु रीड' असं नाम मध्ये घ्यावं लागतं: 'अ डिफिकल्ट क्वेश्चन टु आन्सर', 'अ नाइस प्लेस टु लिव्ह'. जोडरेषा देऊन केलेली 'ईझी-टु-यूज ॲप' सारखी रूपं जाहिरातीत शोभतात. 'ईगर'सारख्या विशेषणांना मात्र नाम मध्ये घेता येत नाही. तिथे सगळा तुकडा नामाच्या मागे जातो: 'स्टुडंट्स ईगर टु लर्न'.

इंग्रजीचे व्याकरणकार रँडॉल्फ क्वर्क आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी 1985 साली विशेषण आणि 'टु' या रचनेचे सात प्रकार केले. शिकणाऱ्याने सातही नावं लक्षात ठेवायची गरज नाही. नवीन विशेषण भेटलं की शिकणाऱ्यांसाठी केलेला एखादा इंग्रजी शब्दकोश उघडा, अर्थाच्या खाली दिलेली उदाहरणं वाचा, आणि वहीत शब्द एकटा न उतरवता 'फॉर', 'ऑफ', 'टु' यांच्यासकट, तुमच्या कामातलं एक पूर्ण वाक्य उतरवा. 'रिलक्टंट' असं लिहू नका, 'द क्लायंट इज रिलक्टंट टु साइन' असं लिहा आणि शेजारी सही करणारा कोण ते टिपा. तुम्ही रुग्णालयात असाल तर रुग्णाचं वाक्य, बँकेत असाल तर खातेदाराचं.